तुळईपासून बिजागरीपर्यंत

जुन्या घराची डागडुजी काढली म्हणजे पहिली अडचण पैशाची येते, हे सर्वांनाच ठाऊक असते. दुसरी अडचण शब्दांची असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. घरमालक छताकडे बोट दाखवून ‘ते वरचे आडवे लाकूड’ म्हणतो. मिस्त्री त्यालाच बीम म्हणतो. आणि माजघराच्या दारातून घरातल्या वृद्ध आजी सांगतात, ‘अरे बाबांनो, ती तुळई आहे, तिला हात लावू नका.’ तिघांचे बोट एकाच लाकडाकडे असते. परंतु त्या लाकडाचे घरातील काम कोणते आणि ते काढले तर काय होईल, हे आजींच्या शब्दात जितके स्पष्ट आहे तितके इतर दोघांच्या शब्दांत नाही.

याचे कारण जुन्या घराच्या बांधणीत आहे. पेशवाईतील वाडा घ्या किंवा खेड्यातले साधे चौसोपी घर घ्या, त्यात आधी लाकडाचा सांगाडा उभा राही आणि भिंती मागाहून त्यात भरल्या जात. जमिनीतील ओल लाकडाला लागू नये म्हणून खाली दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर थोड्याथोड्या अंतराने टाकलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे पाट. या शेवटच्या दोहोंवरून ‘कडीपाट’ हा शब्द झाला. त्यावर मातीची जमीन केली की वरचा मजला तयार होई; उघड्यावर माती धोपटून बसविली की माळवद होई. घराचा सारा भार अशा रीतीने पाटाकडून कडीकडे, कडीकडून तुळईकडे आणि तुळईकडून खांबाकडे उतरत जाई. पुष्कळ ठिकाणी भिंत केवळ आडोशाला असे. म्हणून असे घर दुरुस्त करताना भिंत पाडली तर एक वेळ चालते. पण त्या भिंतीत लपलेला खांब कापला तर वरचा मजला खाली येतो. सिमेंट-काँक्रीटच्या घरावर हात बसलेल्या कारागिराला हा भेद चटकन दिसत नाही. जुन्या सुताराला तो निराळा शिकवावा लागत नसे. शब्दांबरोबरच तो त्याला मिळालेला असे.

हे शब्द किती जुने आहेत? लोणावळ्याजवळ कार्ले येथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. अखंड खडकात कोरलेल्या त्या उंच छताला आतून लाकडाच्या वाकविलेल्या फासळ्या बसविल्या असून त्या आजही जागच्या जागी आहेत. खडकाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नसते. परंतु ज्यांनी ते कोरले त्यांच्या डोळ्यांपुढे इमारत म्हणजे लाकडाचीच इमारत होती, आणि वासे नसलेले छत त्यांना छत वाटले नसावे. याच चैत्यगृहावरील ब्राह्मी लिपीतील एका प्राकृत लेखात धेनुकाकट येथील सामि नावाच्या कारागिराने ‘घरमुख’ केल्याची नोंद आहे. घरमुख म्हणजे घराचे तोंड, अर्थात द्वार. सामि हा वेणुवासाचा पुत्र, आणि त्याचा व्यवसाय ‘वढकी’, म्हणजे सुतार, असा दिलेला आहे. इतक्या प्राचीन काळचा एक सुतार आपल्याला नावाने आणि बापाच्या नावाने माहीत असावा, ही थोडी गोष्ट नव्हे. राजांची नावे टिकतात, दात्यांची टिकतात; रंधा मारणाऱ्याचे नाव क्वचित टिकते.

‘वढकी’ शब्दाचा वंश उत्तरेत ‘बढई’ म्हणून नांदतो आहे आणि विदर्भाकडे ‘वाढई’ या आडनावात तो दिसतो. बाकीच्या मराठी मुलखात मात्र त्याची जागा ‘सुतार’ने घेतली. सुतार म्हणजे सूत्रधार, सूत धरणारा. गेरूत किंवा काजळीत भिजवलेली दोरी लाकडावर ताणून धरायची, मध्यभागी चिमटीने उचलून सोडून द्यायची, की लाकडावर सरळ रेघ उमटते. याला ‘सूत मारणे’ म्हणतात. ही रेघ हा सगळ्या सुतारकामाचा पाया. रंगभूमीवर नांदी म्हणवणारा सूत्रधार आणि गावच्या बारा बलुतेदारांत बसून नांगर-कुळव दुरुस्त करणारा सुतार हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. एकाला संस्कृत रूप राहिले, दुसऱ्याचे रूप शतकांच्या वापराने झिजले, एवढाच फरक.

सांगाड्याचे बहुतेक शब्द याच जुन्या घरातले आहेत. वैदिक ‘स्कंभ’ प्राकृतात ‘खंभ’ झाला आणि मराठीत ‘खांब’. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे तराजू, पण तुला म्हणजे छप्पर पेलणारी आडवी तुळईही; वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुप्रकरणात ती त्याच अर्थाने येते. तराजूची दांडी आणि घराची तुळई या दोहोंत साम्य असे की, दोन्हींना दोन बाजूंचा भार समतोल ठेवावा लागतो. ‘वंश’ म्हणजे बांबू. त्याचा झाला वासा. पुढे वासे सागाचे आणि किंजळाचे आले, तरी नाव बांबूचेच राहिले. छपराच्या शिखरावर आडवे टाकलेले आढे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी उतरणारे वासे यांचा मराठी मनावर इतका ठसा आहे की, घर फिरले की घराचे वासे फिरतात असे आपण म्हणतो, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कृतघ्न ठरतो. सिमेंटच्या सदनिकेत जन्मलेले मूलही या म्हणी बिनदिक्कत वापरते. वासा मात्र त्याने पाहिलेला नसतो.

उंबऱ्याची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. ‘उदुंबर’ म्हणजे औदुंबराचे झाड, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दाराच्या चौकटीचे खालचे लाकूड. मराठीत उंबर आणि उंबरा, गुजरातीत उंबरो, गोव्यात हुंबरो अशी ही रूपे झाडालाही जवळची आणि दारालाही. ‘कपाट’चे कवाड झाले आणि ‘अर्गला’ची आगळ. गंमत अशी की, कपाट हा मूळ शब्दही मराठीत राहिला, पण तो आता दाराला न लावता लाकडी किंवा लोखंडी अलमारीला लावतात. ‘निश्रेणि’ हा अमरकोशातला शिडीवाचक शब्द पुस्तकातून उठून गेला म्हणावे, तर गोव्यात आणि तळकोकणात शिडीला अजून निसण म्हणतात. जुनी लाकडे जशी माळ्यावर सुरक्षित राहतात, तसे काही शब्द प्रदेशाच्या कडेला टिकून राहतात.

या साऱ्यांत कागदोपत्री सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे खण. दोन तुळयांमधील किंवा दोन खांबांमधील मोकळी जागा म्हणजे एक खण. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई: अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचे बारा खणांचे. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत ‘पूर्वेकडील दोन खण थोरल्याकडे’ अशा धर्तीचा मजकूर आढळतो. आजचा वाचक त्या ठिकाणी टेबलाचा खण समजला किंवा चोळीचा खण समजला, तर वाटणी कोणती झाली हे त्याला कळणार नाही. खण हे काही पक्के माप नव्हते. लाकूड जेवढे लांब मिळे आणि भार जेवढा पेलावयाचा असे, त्यावर खणाची रुंदी ठरे. पण भिंत कोठे घालता येईल आणि घर कोठे दुभंगता येईल, हे मात्र खणावरून अचूक समजे. कारण दोन भावांत घर वाटले गेले तरी तुळई मध्येच कापून वाटता येत नाही.

बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये या खणालाच अंकण म्हणतात. दोन खांबांमधील या जागेचे नाव कन्नड वृत्तपत्रांनी आपल्या पानावरील नियमित लेखाला दिले. मराठीत ‘सदर’ शब्दाचेही नेमके हेच झाले आहे. सदर म्हणजे वाड्यातील कचेरीची, बैठकीची जागा. तेथे गादी असे, कारकून बसत, न्यायनिवाडे होत. शब्द मूळचा अरबी. तो वाड्यातून उठला आणि वृत्तपत्राच्या पानावर येऊन बसला. एकमेकींना न विचारता दोन शेजारच्या भाषांनी घराचा एक भाग उचलून वर्तमानपत्राला द्यावा, हा योगायोग मोठा सुखद आहे.

सदर शब्दाबरोबर आपण दुसऱ्या थरात येतो. बहमनी राजवटीपासून पुढे तीन-चारशे वर्षे राज्यकारभाराची भाषा फारसी होती, आणि कारभाराबरोबर घरही बदलले. दार आणि दरवाजा ही जोडी पाहण्यासारखी आहे. संस्कृत ‘द्वार’ आणि फारसी ‘दर’ हे मुळात सख्खे भाऊ. परंतु मराठी घरात ते निरनिराळ्या वाटांनी आले आणि त्यांनी कामे वाटून घेतली. आतल्या खोलीचे ते दार, रस्त्यावरचा तो दरवाजा. मोठ्या दरवाजाला जो लहानसा दिंडीचा भाग असतो, त्यातून रोजची ये-जा; मोठी फळी उघडायची ती हत्ती-पालखीसाठी. कमान फारसी, महिरप अरबी, जिना फारसी, मजला अरबी, गिलावा फारसी, हौद अरबी, नक्षी अरबी. खिडकीच्या काचेला आपण तावदान म्हणतो, तोही फारसीच. मराठवाड्यात घरात शिरताच लागणाऱ्या बैठकीच्या जागेला ढाळज किंवा ढेलज म्हणतात. ती फारसी ‘दहलीज’ होय. हैदराबादच्या जुन्या मराठी कुटुंबांच्या तोंडी दालान हा शब्द सहज येतो तोही त्याच वाटेने.

यादी लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. घराला उभे ठेवणारे शब्द जुने प्राकृत आहेत. घराला डौल, उंची आणि दर्जा देणारे शब्द फारसी-अरबी आहेत. खांब देशी, पण त्याला सुरूच्या झाडाचा आकार दिला की तो ‘सुरूदार’ झाला, आणि सुरू हे झाडही फारसी आणि शब्दही. छत साधे कडीपाटाचे असेल तर देशी; त्याखाली नक्षीदार फळ्यांचे दुसरे छत बसविले की ती तक्तपोशी. हल्ली शहरांतून लोक हौसेने करून घेतात ते फॉल्स सीलिंग म्हणजे या तक्तपोशीचे नातवंडच. फक्त सागवानाऐवजी त्यात प्लास्टरचे पत्रे असतात.

परंतु या वाटणीला एक ठळक अपवाद आहे आणि तो सुताराच्या पेटीत सापडतो. करवत हे संस्कृत ‘करपत्रा’चे रूप. ओळंबा म्हणजे ‘अवलंब’. हातोडा, पटाशी, पाचर ही आपली. पण लाकडाला गुळगुळीत करणारा रंधा फारसी, काटकोन पाहणारा गुण्या फारसी, समांतर रेघ मारणारे खतकस फारसी, लाकूड चिकटविणारा सरसही फारसी. मापेही तशीच. गज फारसी, आणि त्याचे चोवीस भाग ते तसू. मुंबईच्या जुन्या कोष्टकात गज २७ इंचांचा धरीत, म्हणजे एक तसू सव्वा इंचाला थोडा कमी. ज्याने इमारतीचे काम नव्या राजवटीच्या दरबाराकडून घेतले, त्याला मापही त्या दरबाराचेच घ्यावे लागले. हत्यारांची नावे बदलली ती बाजाराने आणि कामाने बदलली. कोणी हुकूम काढून बदलली नाहीत.

हुकुमाने बदलण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या इतिहासात झाला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून १६७७च्या सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेल्या या कोशात राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग पाडून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्यामागील स्वाभिमान निर्विवाद होता, आणि पदांच्या बाबतीत तो काही प्रमाणात फलद्रूपही झाला. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणण्याची रीत रूढ झाली. पण पेशवा शब्द गेला नाही. आणि ज्या मिस्त्रीच्या हातात रंधा होता, त्याच्यापर्यंत कोश पोचला नाही. पुढच्याच शतकात पुण्यात जे वाडे उठले, त्यांत दिवाणखाना दिवाणखानाच राहिला.

त्या वाड्यांचा मेरुमणी शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि दोन वर्षांत, १७३२ साली, वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला. पुढे वाडा वाढत गेला. आरसेमहाल, हस्तिदंती महाल, एकापुढे एक चौक. त्याच्या कामाशी जोडली जाणारी कारागिरांची काही नावे सांगितली जातात: देवाजी आणि कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावाच्या कामासाठी जयपूरहून आलेला भोजराजा, राघो चितारी. कार्ल्याच्या सामिनंतर नावाने ओळखता येणारे हे सुतार. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आज तेथे जोते, तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजावरील नगारखाना दिसतो. म्हणजे दगडाचे ते बहुतेक राहिले आणि लाकडाचे ते बहुतेक गेले. देवाजी-कोंडाजींची नावे राहिली; त्यांचे काम राहिले नाही. सामिचे काम राहिले, कारण त्याच्या सुतारकीला सह्याद्रीचा खडक लाभला होता.

दुसऱ्या बाजीरावांचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा त्या मानाने सुदैवी. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९च्या मे महिन्यातील आगीत शेजारचा बुधवारवाडा पार जळाला. विश्रामबागवाड्याचाही काही भाग गेला, पण रस्त्यावरील सज्जा आणि त्याचे सुरूदार खांब पुढेही टिकले. तुळई, कडी, हस्त, तळखडा हे शब्द कोणाला प्रत्यक्ष वस्तूवर बोट ठेवून शिकावयाचे असतील, तर तेथे जावे.

मराठी सत्तेबरोबर हा वाडाही प्रवासाला निघाला. इंदूरचा राजवाडा मल्हारराव होळकरांच्या काळात उठू लागला. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी त्याने सोसल्या, आणि दर वेळी सर्वाधिक किंमत लाकडाला मोजावी लागली. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या लष्कराचा तळ पडला आणि तळाचेच शहर झाले. तेथील हिंदीने आपला ‘वाडा’ उचलला आणि त्याचा ‘बाडा’ केला. महाराज बाडा ही तेथील गजबजलेली जागा आज ज्यांच्या तोंडी आहे, त्यांतल्या थोड्यांनाच हा मराठी शब्द आहे याची जाणीव असेल. वडोदऱ्यात भाऊ तांबेकरांचा चौमजली लाकडी वाडा उभा आहे. हे गृहस्थ १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. त्या वाड्याच्या भिंतींवरील रंगीत चित्रे पाहण्यास लोक येतात आणि ती आहेतही पाहण्याजोगी. परंतु मान थोडी वर करून तेथील लाकूडकाम पाहिले तर पुण्याची बांधणी आणि गुजरातचे कोरीव काम एकाच तुळईवर कसे नांदते, ते दिसते. तिथला सुतार ‘सुथार’ होता. शब्दात फरक एका अक्षराचा.

तिसरा थर समुद्रावरून आला. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात आणि घरापुढच्या बसण्याच्या जागेला बल्कांव. हे शब्द पोर्तुगीज आहेत हे कोणीही सांगेल. परंतु घाटावरच्या मराठीतही पोर्तुगीज शब्द किती खोल रुतले आहेत, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. ज्याला आपण घरदुरुस्तीसाठी बोलावतो तो मिस्त्री स्वतःच पोर्तुगीज आहे. ‘मेस्त्र’ म्हणजे उस्ताद. त्याच्या डोक्यावरचे घमेले पोर्तुगीज. दाराची बिजागरी पोर्तुगीज, कुलपाची चावी पोर्तुगीज, कौलांखालची रीप पोर्तुगीज. गोव्यातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या पंडिताने आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा संग्रह १९१३ साली प्रसिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकाने तो एकदा तरी चाळावा. आपण घरगुती समजत आलेले किती शब्द गलबतातून उतरले आहेत, हे त्यात कळते.

यातही निवड दिसते. पोर्तुगिजांनी आपल्याला खांब दिला नाही, तुळई दिली नाही. दिले ते मुख्यतः किडुकमिडुक सामान. जुन्या कवाडाला बिजागरी नसे. फळीच्याच एका कडेचा वरचा आणि खालचा भाग गोल तासून पुढे काढीत आणि तो चौकटीतील खोबणीत बसवीत. दार त्यावर फिरे आणि फिरताना कुरकुरे. लोखंडी बिजागरी आली तसे दार हलके झाले, पातळ झाले आणि मुख्य म्हणजे ते चौकटीपासून सुटे करणे सोपे झाले. शब्द परका आहे एवढ्यावरून वस्तूही त्याच जहाजातून आली असे मात्र म्हणता येत नाही. किल्ली हा ‘कीलिका’ पासून आलेला आपला शब्द घरात असतानाही चावी रूढ झालीच. तेव्हा तिच्या आधी आपल्याकडे कुलपे नव्हती असे कोणी म्हणणार नाही. उलट बाजूने पाहिले तर ज्या सागाला संस्कृतात ‘शाक’ म्हणत, त्याचे मलयाळी नाव ‘तेक्क’ पोर्तुगिजांनी ‘तेका’ म्हणून उचलले आणि पुढे इंग्रजांनी ‘टीक’ केले. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. आपण लाकूड दिले आणि बिजागरी घेतली.

रीप या शब्दाचे भाग्य पुढे कौलांमुळे उजळले. पूर्वीची छपरे नळीच्या कौलांची. ती दर पावसाळ्याआधी चाळावी लागत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी चपटी लाल कौले कोकण-गोव्यापासून देशावर पसरली. ही कौले ठराविक अंतरावरच्या रिपांवरच बसतात. कौल मंगळुरी, रीप पोर्तुगीज, वासा संस्कृत आणि आढे आपले. एका पाखाखाली हे चौघे कसलीही तक्रार न करता उभे राहिले.

इंग्रजी थराविषयी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तो सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. गिरमिट हे ‘गिमलेट’चे मराठी रूप मात्र इतके मुरले की ते इंग्रजी आहे हे सांगावे लागते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. मराठी घराच्या बारीकसारीक भागांचे शब्द जतन झाले ते पुष्कळसे या परदेशी कोशकाराच्या आणि त्याला शब्द पुरविणाऱ्या पंडितांच्या चिकाटीमुळे, हे मान्य केलेच पाहिजे.

कारागिराला त्याच्या भाषेत शिकवावे हा विचार बडोद्यास प्रत्यक्षात उतरला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले; त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे प्राण. गज्जर स्वतः सुतार कुळातले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम हे विषय देशी भाषेतून शिकविता येतात, हे तेथे सिद्ध करून दाखविण्यात आले. दादासाहेब फाळके काही काळ तेथे शिकत होते. पुढे १९३१ साली याच संस्थानाने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा आठ भाषांचा कारभारी शब्दकोश काढला. त्याची थोरवी मोठी. पण त्या कोशातील कारभाराचे शब्द कचेरीत बनले होते आणि तुळई-खणासारखे शब्द कामावर बनले होते. कामावर बनलेला शब्द काम चालू असेपर्यंतच जगतो.

ते काम बदलले. लोखंडी गर्डर आला आणि लांब तुळईची गरज संपली. स्लॅब आला आणि कडीपाट गेला. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि चुलीवर सरस वितळविण्याचा त्रास व वास दोन्ही गेले. प्लायवुड आले तेव्हा लाकडाची जात, लाकडाची शिर आणि गाठ पाहण्याची विद्याच मागे पडली; तक्ता कारखान्यातून सारखा येतो, त्याला शिर कसली पाहावयाची? यात शोक करण्याजोगे फार नाही. वाळवीने पोखरलेल्या, पावसात गळणाऱ्या वाड्यात ज्यांनी संसार केले, त्यांना स्लॅबचे महत्त्व सांगावे लागत नाही. अडचण येते ती उरलेल्या जुन्या घरांची. त्यांच्या खांबाचा बुंधा कुजला तर सबंध खांब बदलण्याचे कारण नसते. तुळईला खालून टेकू देऊन, कुजका भाग कापून, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा खाचेत बसवून पाचर मारली की खांब पुन्हा उभा राहतो. पण हे सांगावयाचे तर टेकू, खाच आणि पाचर हे तीन शब्द सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळावे लागतात. ते न कळल्यामुळे पुष्कळदा घराला ‘धोकादायक’ ठरवून ते उतरविले जाते, आणि सागवान जुन्या बाजारात जाते.

तसू आता कोणी ओळखत नाही. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि दुकानात प्लायवुड अठरा एम. एम. म्हणून मिळते. परंतु तोच अठरा एम. एम.चा तक्ता चौकटीत बसवताना सुतार टेपवर फूट आणि इंच वाचतो, आणि इंचाच्याही आत जावे लागले तर त्याचे आठ भाग करून ‘दोन सूत घे, तीन सूत सोड’ असे आपल्या हाताखालच्या पोराला सांगतो.